पेंटबॉल झाडणारा रिमोटचा रणगाडा: सुरुवात कुठून करावी?

खटपट्या (धागालेखक)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारं काम एकदाचं हातात घेतोय. रिमोटवर चालणारा, एकट्याला उचलता येणार नाही इतपत मोठा रणगाडा बनवायचाय, आणि त्याच्या तोफेतून खरेखुरे पेंटबॉल (रंग भरलेले गोळे) सुटले पाहिजेत. तोफेत दिवा चमकतो आणि स्पीकरमधून 'धडाम' ऐकू येतं असली तयार मॉडेलं भरपूर आहेत. ती नकोत.

ठरलंय ते एवढं: टायगर १ (दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा) करायचा. सांगाडा १२ मिमी प्लायचा, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. मोटरगाडीच्या वायपरच्या दोन मोटारी, १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी. टरेट (तोफेचा वरचा घुमट) फिरेल, तोफ वरखाली होईल. सहा चॅनेलचा २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट हाताशी आहे.

अडलंय ते स्केल, तोफ आणि गॅसवर. तयार मार्कर (पेंटबॉलची बंदूक) कापून बसवावा की व्हॉल्व्ह-नळी आपली आपण जुळवावी? आणि वायपरच्या मोटारी एवढं धूड ओढतील का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. टीका चालेल, फक्त "त्यापेक्षा तयार घ्या" एवढं म्हणू नका.

निवांत

वाचनखूण साठवली आहे. फोटो टाकत राहा, फोटोंशिवाय असल्या धाग्यांना मजा नाही.

गोलंदाज

खटपट्या, तुम्ही रणगाडा आधी निवडलात आणि गोळा नंतर. मी उलटं करायला सांगेन. या सगळ्या प्रकरणात आपल्याला बदलता न येणारी वस्तू एकच, ती म्हणजे गोळा. बाकी सगळं, अगदी स्केलसुद्धा, आपल्या हातात आहे.

नेहमीचा पेंटबॉल ०.६८ इंची, म्हणजे १७.३ मिमी. १/१६ स्केलला त्याला सोळाने गुणा: २७७ मिमी. ही रणगाड्याची तोफ झाली नाही, युद्धनौकेची झाली. म्हणूनच १/१६ मध्ये हेंग लाँगची मॉडेलं ६ मिमीचे प्लास्टिकचे छरे मारतात आणि तामियाची इन्फ्रारेडवर लढतात. १/६ ला मात्र हाच गोळा १०४ मिमीचा होतो. हे माप खऱ्या रणगाड्यांच्या तोफांत बसतं. पेंटबॉलने झुंजी लावणारे हौशी लोक १/६ वर का येऊन थांबले, ते या गुणाकारावरून कळतं.

आता तुमचा टायगर. तोफ ८८ मिमी, १/६ ला १४.७ मिमी. गोळा आत जातच नाही. नळी जाड करून लोक वेळ मारून नेतात, टायगरच्या तोंडाशी मझल ब्रेक (धक्का कमी करणारं जाड टोक) असल्यामुळे ते थोडं लपतंही, पण प्रमाण बिघडतं ते बिघडतंच. सोव्हिएत टी-३४ च्या पहिल्या मॉडेलची तोफ ७६.२ मिमीची. सहाने भागलं की १२.७ मिमी, म्हणजे बरोबर ०.५० इंच, आणि ०.५० चा पेंटबॉल मिळतो! गणित इतकं चोख जुळतं की मोह होतो. पण तो गोळा जेमतेम सव्वा ग्रॅमचा, ०.६८ चा तीन ग्रॅमचा. हलक्या गोळ्याला वारा लवकर भरकटवतो, आणि मार्करही कमी प्रकारचे मिळतात.

माझं मत विचाराल तर अमेरिकन शर्मन, तोही १०५ मिमी हॉवित्झर तोफेचा. १०५ भागिले ६ म्हणजे १७.५. पेंटबॉलच्या बॅरलचं भोक साधारण एवढंच असतं. तोफ मुळातच आखूड, त्यामुळे बाजारातलं छोटं बॅरल वरून नळकांडं चढवून जसंच्या तसं खपून जातं. युद्धानंतरचे रणगाडे आवडत असतील तर सेंच्युरियनची पुढची मॉडेलं, लेपर्ड १, विजयंता या सगळ्यांवर १०५ मिमीची एल ७ तोफ होती. तिची नळी लांब आहे, पण गोळ्याला वेग घ्यायला २०-३० सेंमी बॅरल पुरतं. पुढची सगळी नळी थोडी सैल ठेवायची, निव्वळ शोभेची.

खटपट्या

हिशेब पटला, मन मानत नाही. टायगर तो टायगर. शर्मन म्हणजे चाकांवर ठेवलेला डबा दिसतो हो.

गोलंदाज

डबा आहे म्हणूनच घ्या म्हणतोय. :) खरा शर्मन ५.८४ मीटर लांब, २.६२ रुंद आणि २.७४ उंच. १/६ ला ९७ × ४४ × ४६ सेंमी. रुंदीपेक्षा उंची जास्त! शत्रूला लांबून दिसायचा म्हणून त्या उंचीला नावं ठेवली गेली, पण आपल्याला आत मार्कर, बाटली आणि गोळे कोंबायचेत.

सगळ्यात जास्त डोकं गोळे पुरवण्यात जातं, आणि नवखे लोक त्याचा विचार शेवटी करतात. नेहमीच्या मार्करवर हॉपर (गोळ्यांचा डबा) उभा बसतो आणि गोळे आपल्या वजनाने खाली पडतात. टरेटच्या छतातून हॉपर वर काढलात तर रणगाड्याच्या डोक्यावर तांब्या पालथा घातल्यासारखं दिसेल. मग उरतात दोन वाटा. एक, टरेटच्या मागच्या भागात आडवं, स्प्रिंगने ढकलणारं मॅगझिन. दहा-वीस गोळे मावतात, रचना सुटसुटीत. पण भरलेलं मॅगझिन तसंच ठेवून दिलं तर स्प्रिंगच्या दाबाने गोळ्यांना खळगे पडतात, आणि खळगा पडलेला गोळा सरळ जात नाही. खेळायच्या आधीच भरायचं.

दुसरी वाट, गोळे खाली हलमध्ये (रणगाड्याच्या धडात) ठेवायचे आणि टरेटच्या मधोमध पारदर्शक नळीतून वर चढवायचे. मोटारीवर फिरणारी चकती खालून ढकलते. इथे नळीचा आतला व्यास बघून घ्या. १९ मिमीच्या आसपास असेल तर गोळे एकामागोमाग एक रांगेत जातात. २५ मिमीची नळी घेतली की ते नागमोडी बसतात आणि दोन गोळे एकमेकांना भिंतीवर रेटून धरतात. ढकलण्याचा जोर वाढवला की आणखी घट्ट रुततात, शेवटी एक फुटतो आणि नळीभर रंग. वळणंही मोठ्या गोलाईची ठेवा. तोफ वरखाली होते तेव्हा नळीचं वरचं टोक तिच्याबरोबर हलतं, तिथे काटकोन होऊ देऊ नका.

आणि डिटेंट. चेंबरमध्ये गोळा अडवून धरणारा तो इवलासा रबरी किंवा स्प्रिंगचा दाणा झिजला असेल, तर उतारावर रणगाड्याचं नाक खाली झालं की गोळा टुपकन तोंडातून बाहेर.

जुगाडू

मार्कर कापायचा खटाटोप कशाला? पीव्हीसीचा दोन इंची पाइप घ्या, दोन्हीकडे बूच, पुढे बागेच्या स्प्रिंकलरचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह, मागे सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. पंपाने हवा भरा, रिमोटने व्हॉल्व्ह उघडा. खर्च नाही, आवाजही झकास.

हवाबंद

जुगाडू, याला माझा स्पष्ट विरोध. नावाप्रमाणे काम म्हणून ह. घ्या असं म्हटलं असतं, पण हे हलकं घेण्यासारखं नाही.

पीव्हीसी पाइपवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे पाइप तडकला की थोडं पाणी निघतं आणि दाब लगेच संपतो. हवा दाबली की ती ऊर्जा साठवून बसते, आणि पाइप फुटला की ती सगळी एकदम बाहेर येते. त्यात पीव्हीसी धातूसारखा वाकून फाटत नाही, त्याच्या धारदार चिपा उडतात. उन्हात राहून तो ठिसूळ होतो, थंडीत आणखी. आणि असला पाइप तुम्ही प्लायच्या खोक्यात घालून खडबडीत जमिनीवरून आपटत नेणार, बॅटरी बदलायला वरून वाकून आत बघणार. नकोच.

खटपट्या, तयार मार्करच वापरा. त्याचा व्हॉल्व्ह, चेंबर, सील त्या दाबासाठीच बनवलेले असतात. मूठ आणि ट्रिगर गार्ड काढलं की उरलेला भाग टरेटमध्ये बसतो. साधा यांत्रिक मार्कर घेतलात तर ट्रिगर ओढायला धातूच्या गिअरचा दणकट सर्वो (रिमोटवर हलणारी छोटी मोटार) लागेल. इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये ट्रिगर म्हणजे मुळात एक मायक्रोस्विच. त्याच्या दोन तारा रिमोटवरच्या इलेक्ट्रॉनिक स्विचला जोडल्या की झालं. हलणारा भाग एक कमी, आणि बरेचसे असे मार्कर कमी दाबावरही चालतात.

गॅसबद्दल. कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीत द्रव असतो, त्यामुळे तिचा दाब तापमान ठरवतं. २० अंशांना सुमारे ५७ बार, शून्याला ३५ च्या आसपास. भराभर गोळे मारले की बाटली गार पडते, दाब उतरतो, गोळा अलीकडेच पडायला लागतो. रणगाड्यात आणखी एक भानगड: बाटली आडवी असते आणि गाडी चढ-उतारावर डुलते, म्हणून द्रव थेट मार्करमध्ये शिरतो, सील गोठतात आणि वेग वाटेल तसा उडतो. बाटलीत अँटी-सायफन (द्रव शिरू न देणारी) नळी असेल तर तिचं वाकडं टोक वरच्या बाजूला येईल अशी बाटली बसवावी लागते. १२ ग्रॅमच्या छोट्या काडतुसात वीस-पंचवीस गोळे निघतात, जुजबी चाचणीला ठीक.

मी दाबलेल्या हवेची बाटली घेईन. आत ३००० पीएसआय, म्हणजे सुमारे २०७ बार, आणि तोंडावरच्या रेग्युलेटरमधून साधारण ८०० पीएसआय बाहेर. दाब स्थिर, आडवीउभी कशीही ठेवा. बाटलीवरची चाचणीची तारीख बघा, मुदत संपलेली बाटली भरून घेऊ नका. भरायच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका, एवढ्या दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. आणि गॅसची चालू-बंद कळ हलच्या बाहेरून फिरवता येईल अशी ठेवा. बंद केल्यावर नळीतला उरलेला दाब सोडून देणारी हवी. झाकण उघडून आत हात घालण्याआधी तोफ रिकामी झालेली असली पाहिजे.

जुगाडू

बरं बाबा, पाइप मागे घेतला. स्प्रिंकलर बागेतच ठेवतो.

आर्मेचर

मोटारींचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

खटपट्या, वायपर मोटार दर मिनिटाला पन्नास-एक फेरे देते. स्प्रॉकेटचा (पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाचा) व्यास ११ सेंमी धरा, परीघ साडेचौतीस सेंमी. म्हणजे सेकंदाला २९ सेंमी, ताशी एक किलोमीटर. खरा शर्मन रस्त्यावर ताशी ३८ च्या आसपास जायचा, सहाने भागून सव्वासहा. तेवढं हवं असेल तर स्प्रॉकेटला मिनिटाला तीनशे फेरे लागतात.

दुसरी अडचण तारांची. बऱ्याच वायपर मोटारींत एक ब्रश आतून बॉडीलाच जोडलेला असतो, कारण गाडीत सगळं लोखंड हेच अर्थिंग. आपल्याला मोटार उलटसुलट फिरवायची म्हणजे ध्रुव बदलणार, आणि दोन्ही मोटारी एकाच धातूच्या पट्टीवर कसल्या असतील तर कंट्रोलर (मोटारींची वीज कमी-जास्त करणारा) शॉर्ट. प्रत्येक मोटार वेगळी इन्सुलेट करावी लागते.

आता जोर. पट्ट्याच्या गाडीला सरळ चालणं सोपं, वळणं जड. जागच्या जागी फिरताना पट्टे आडवे घासत जातात. त्यासाठी दर पट्ट्याला लागणारा जोर साधारण असा: घर्षणांक × वजन × (जमिनीला टेकलेली लांबी ÷ दोन पट्ट्यांच्या मध्यांतलं अंतर) ÷ ४. शर्मनचं हे गुणोत्तर १.७७, टायगरचं १.२८. म्हणजे या बाबतीत तुमचा टायगर सरस, तो सहज वळतो. १.८ च्या पुढे गेलात की गाडी वळायला कुरकुरते.

वजन ४० किलो आणि घर्षणांक ०.७ धरला तर शर्मनला दर बाजूला सुमारे १२० न्यूटन, वर चालण्याचा रोध वीसेक. ५.५ सेंमी त्रिज्येवर हे जवळपास ८ न्यूटन-मीटर होतं. तीनशे फेऱ्यांना गुणलं की दर बाजूला २५० वॅट. ई-स्कूटरला येणाऱ्या २४ व्होल्ट, २५० वॅटच्या गिअर असलेल्या मोटारी बरोबर इथेच बसतात. हिशेबातल्या घर्षणांकावर फार विसंबू नका, गवतात पट्टा रुतला की तो वाढतो. कंट्रोलर दर चॅनेलला २५-३० अँपिअरचा तरी घ्या. सेबरटूथ २×३२ सारख्या दुहेरी कंट्रोलरमध्ये मिक्सिंग आतच असतं, एकाच कांडीने पुढे-मागे आणि वळण.

रिसीव्हरला स्वतंत्र छोटी बॅटरी द्या. मोटारी अडल्या की मोठ्या बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खाली बसतो, रिसीव्हर रीसेट होतो, आणि तोफ कुठे वळेल ते सांगता येत नाही.

खटपट्या

आर्मेचरताई, हे सोन्यासारखं आहे. वायपर बाद. पट्ट्यांसाठी काय वापरू?

आर्मेचर

कन्व्हेयरची साखळी, जिच्या कड्यांना बाजूला कान असतात ती. दर बाजूला दोन साखळ्या समांतर आणि कानांवर नायलॉनच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बोल्टने कसायच्या. स्प्रॉकेट तयार मिळतात, दात घडवत बसावं लागत नाही. सायकलची साखळी लावू नका, ती आडवा ताण सोसत नाही आणि वळताना उतरते.

शर्मन आणि टायगर दोघांचीही स्प्रॉकेट पुढे, टी-३४ ची मागे. पुढून ओढणाऱ्या गाडीत वरची बाजू ताणात असते, म्हणून मागच्या आयडलरला (मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला) ताण कमी-जास्त करायचा स्क्रू ठेवाच. नवी साखळी सुरुवातीला लांबते.

टरेट चढवण्याआधी नुसता हल वाळूची पिशवी टाकून चालवा. वजन टरेटएवढं, शक्यतो तेवढ्याच उंचीवर.

तिरकस

अवांतर: तोफ झाडल्यावर रणगाडा मागे सरकेल का? खऱ्यासारखा?

गोलंदाज

३ ग्रॅमचा गोळा ८५ मीटर प्रतिसेकंदाने गेला तर ४० किलोच्या गाडीला मिळणारा धक्का सेकंदाला सहा मिलिमीटर. मुंगीला जाणवेल कदाचित. हौसच असेल तर नळीचं बाहेरचं नळकांडं सर्वोने मागे ओढा, आतलं बॅरल स्थिर ठेवून.

वेगावरून सांगतो. मैदानावर माणसांच्या खेळात ३०० फूट प्रतिसेकंद, म्हणजे ९१ मीटर, ही कमाल मर्यादा सर्रास असते. ८५ ला गोळ्याची ऊर्जा सुमारे ११ जूल. १०० मीटर वेगाने सुटलेला ०.२ ग्रॅमचा एअरसॉफ्टचा छरा १ जूलचा, म्हणजे अकरा पट फरक. लाकडी रणगाड्यांच्या खेळाला एवढी गरज नाही, ६० ला ५.४ जूल पुरते. मात्र फार कमी केलात तर गोळा लागतो आणि न फुटता उसळून जातो, मग नेम लागला की नाही यावर वाद. क्रोनोग्राफवर (गोळ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मोजूनच ठरवा.

गोळा हवेत फार लवकर मंदावतो. माझ्या हिशेबाने २० मीटरवर मूळ वेगाचा दोन-तृतीयांश उरतो, ४० वर निम्म्याहून कमी. ६० ने सोडलात तर २० मीटरपर्यंत गोळा पाऊण मीटर खाली येतो. १/६ च्या रणगाड्याची उंची अर्धा मीटर! सरळ नेम धरून काही लागणार नाही. तोफेच्या मुखवट्यावर, तोफेबरोबर वरखाली होईल असा छोटा कॅमेरा बसवा, १०, १५, २० मीटरवर पुठ्ठे ठेवून गोळे मारा आणि पडद्यावर ठिपक्यांनी खुणा करा.

हवाबंद

फेलसेफ कुणी लिहिलं नाही. सिग्नल तुटला की काही रिसीव्हर शेवटची आज्ञा धरून ठेवतात. सेटिंगमध्ये जाऊन मोटारी शून्यावर आणि ट्रिगर विश्रांतीवर येईल असं ठरवा. मग रणगाडा ठोकळ्यांवर ठेवा, पट्टे अधांतरी, मार्कर रिकामा, आणि पट्टे फिरत असताना रिमोट बंद करून बघा. तोफेला दोन चॅनेल द्या, एक सज्ज करायचा, एक झाडायचा. मागे लाल बटण, सगळी वीज तोडणारं, कुणालाही दाबता येईल असं.

चष्मा पेंटबॉलसाठी बनवलेलाच, एएसटीएम एफ१७७६ मानकाचा. कारखान्यातला सुरक्षा चष्मा बाजूने उघडा असतो आणि या माऱ्यासाठी बनवलेला नसतो. बघ्यांनासुद्धा चष्मे. खेळ थांबला की बॅरलवर पिशवी चढवा. आणि तुम्ही राहता तिथले मार्करचे नियम आधी वाचा.

खटपट्या

दोन दिवस धागा परत परत वाचला. शर्मन १०५ ची ड्रॉइंग शोधायला घेतली आहेत. टायगरप्रेमींनी राग मानू नये, टायगर शत्रूपक्षाला करू. शेवटचा प्रश्न: हवेची बाटली हलमध्ये आणि मार्कर टरेटमध्ये, मग टरेट गोल-गोल फिरला की नळीला पीळ नाही का पडणार?

गोलंदाज

पडणार. फिरता जोड मिळतो, पण गोळ्यांची नळीही मधूनच जाते, दोघांना एकाच मध्यात बसवणं किचकट. गुंडाळीची लवचीक रिमोट लाइन (गॅसची नळी) वापरा आणि टरेट दोन्ही बाजूंना दीडशे-दीडशे अंशांवर मायक्रोस्विचने थांबवा. थेट मागे नेम धरता येत नाही, पण मागे वळायला आर्मेचरताईंच्या मोटारी आहेत.

निवांत

एक शंका. गोळा चेंबरमध्येच फुटला तर?

हवाबंद

फुटणारच कधी ना कधी. गोळ्याचं कवच जिलेटिनचं: दमटपणात फुगतं, उन्हात मऊ पडतं, थंडीत ठिसूळ होतं. डबा घट्ट बंद ठेवा, रणगाड्यात भरलेले गोळे रात्रभर आत सोडू नका. आतला रंग मुख्यतः पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा, पाण्याने धुतला जातो. बॅरल काढून ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसा. आत रंगाचा थर राहिला की पुढचे गोळे वाटेल तिकडे जातात.

फुटलेल्या गोळ्याचा रंग खाली गळतो, आणि मार्करच्या बरोबर खाली, हलच्या तळाशी, तुम्ही कंट्रोलर ठेवणार. मार्करखाली उथळ ट्रे लावा, त्याला एक नळी जोडून ती पोटातून बाहेर काढा, आणि कंट्रोलर मागच्या कोपऱ्यात न्या.